समुद्राचा तळ कोण बघतो?

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, अलाबामा राज्यात, मोबाइल बे नावाचा उपसागर आहे. त्याच्या पूर्व काठावर उन्हाळ्यातल्या काही रात्री, पहाट व्हायच्या आधी, एक विलक्षण प्रकार घडतो. पूर्वेकडून अगदी हलका वारा, चढती भरती, आरशासारखं शांत पाणी. आणि बघता बघता खेकडे, कोळंबी, चपटे मासे, वाम असे तळाशी राहणारे जीव काठाला येऊन दाटी करतात. घोटाभर पाण्यात एकावर एक थर लागतात. खेकडे लाकडी खांबांवर चढायला बघतात. हात लावला तरी मासे पळत नाहीत. बातमी घरोघर पोचते आणि लोक बादल्या, टोपल्या, दिवे घेऊन धावत येतात. तिथे याला ‘जुबिली’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून त्याच्या नोंदी आहेत.

जुबिली म्हणजे उत्सव, आणि टोपली घेऊन आलेल्या माणसाला तो उत्सवच वाटणार. कारण मात्र पाण्याखाली असतं. तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, ते पाणी भरतीबरोबर काठाकडे सरकत येतं, आणि त्याच्यापुढे पळणारे जीव शेवटच्या वीतभर पाण्यात कोंडले जातात. मोबाइल बेमधला हा प्रकार बराचसा नैसर्गिक आहे. ऊन वर आलं, वारा फिरला की पाणी ढवळतं आणि जे वाचले ते खोल पाण्यात परततात. तरीही तो आधी सांगितला, कारण काठावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्राचं गुदमरणं सुबत्तेसारखं दिसू शकतं. आपल्या डोळ्यांवर इतका भरवसा ठेवून आपण समुद्राची धोरणं ठरवतो, याची मला काळजी वाटते.

किनाऱ्याची तब्येत विचारली की आपण वाळू बघतो. वाळूवर कचरा नसेल आणि पाणी निळं असेल तर समुद्र ठणठणीत आहे असं धरून चालतो. स्वच्छता मोहिमेत तासन् तास वाकून बाटल्या वेचणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. प्लास्टिकचा प्रश्न खरा आहे. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं, असा अंदाज २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला होता. पण मोहीम संपते, भरलेल्या पोत्यांसमोर फोटो निघतो, आणि ‘किनारा स्वच्छ झाला’ हे वाक्य लोकांच्या मनात ‘समुद्र स्वच्छ झाला’ असं जाऊन बसतं. पाण्यात विरघळलेला नायट्रोजन कुठल्या पोत्यात भरता येत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, तो पायाला लागत नाही. किनारी समुद्रांचं आज सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या गोष्टींत तो आहे, आणि त्याची वाट जमिनीवरून येते. म्हणून समुद्राबद्दलचा जाब समुद्राकाठच्या माणसांना विचारून भागणार नाही. तो नदीच्या अख्ख्या पाणलोटाला विचारावा लागेल, आणि तोही कायद्याने.

हा नायट्रोजन नेमकं काय करतो ते सावकाश पाहू. पुराच्या दिवसांत नदी शेतांतलं जादा खत आणि शहरांचं सांडपाणी घेऊन समुद्राला मिळते. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड. त्यामुळे नदीचं पाणी समुद्रावर सायीसारखं पसरतं आणि खालच्या पाण्यावर झाकण बसतं. वरच्या थरात ऊन आहे आणि खतही आहे, तेव्हा सूक्ष्म वनस्पती तिथे बेसुमार वाढतात. त्या थोडे दिवस जगतात, मरतात, आणि भुरभुर तळाशी उतरत राहतात. तळावरचे जिवाणू तो सगळा मेवा कुजवतात आणि कुजवताना ऑक्सिजन ओढून घेतात. वर झाकण असल्यामुळे हवेतला ताजा ऑक्सिजन खाली पोचत नाही. एका लिटर पाण्यात २ मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन उरला की पोहता येणारे मासे निघून जातात. शिंपल्यांना, चिखलातल्या किड्यांना, दगडाला चिकटलेल्या कालवांना निघून जाण्याची सोयच नसते. ते जिथे आहेत तिथे मरतात.

मिसिसिपी नदीच्या मुखापुढे मेक्सिकोच्या आखातात असा मृत पट्टा दर उन्हाळ्यात तयार होतो. १९८५ पासून शास्त्रज्ञ बोटीने जाऊन तो मोजतात. २०१७ मध्ये तो २२,७२० चौरस किलोमीटर भरला, त्या मोजणीतला सर्वांत मोठा. बोटीच्या कठड्यावरून पाहिलं तर तिथे काहीही वेगळं दिसत नाही. उपकरण दोरीला बांधून तळाशी सोडावं लागतं, तेव्हा कळतं. जगभरात असे ४०० हून जास्त पट्टे आहेत आणि त्यांचं एकूण क्षेत्र २ लाख ४५ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, हा हिशोब २००८ चा.

एवढा नायट्रोजन आला कुठून? फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करून दाखवला आणि १९१३ पासून तो कारखान्यात बनू लागला. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न या खतावर उभं असल्याचा अंदाज आहे. तेव्हा खताला खलनायक ठरवणं मला पटत नाही, शेतकऱ्याला तर नाहीच. पण शेतात टाकलेल्या नायट्रोजनपैकी साधारण निम्माच पिकात जातो. उरलेला हवेत उडतो, जमिनीत मुरतो, ओढ्याला लागतो. जो भूजलात मुरतो तो कित्येकदा वीस-तीस वर्षांनी नदीत उतरतो. म्हणजे आज समुद्रात पोचणाऱ्या नायट्रोजनचा काही भाग मागच्या पिढीने टाकलेला आहे, आणि आपण आज जे टाकतो आहोत त्याचं बिल आपल्या मुलांच्या समुद्रावर फाटणार आहे.

शहरांकडे वळलं की आणखी एक गैरसमज आड येतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभं राहिलं की प्रश्न मिटला असं समजलं जातं. नेहमीच्या प्रक्रियेत घाण कुजवून काढली जाते, पाणी नितळ होतं, दुर्गंधी जाते. पण नायट्रोजनचा मोठा भाग त्या नितळ पाण्यात तसाच पुढे जातो. तो काढायला जिवाणूंकडून आणखी दोन टप्प्यांचं काम करून घ्यावं लागतं, त्याला जागा लागते, वीज लागते, पैसे लागतात. निविदेत खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री या टप्प्यांवर चालणं सोपं असतं. काचेच्या पेल्यात नमुना धरून दाखवला तर दोन्ही पाणी सारखंच दिसतं.

मग जबाबदार कोण? मिसिसिपीच्या खोऱ्यात ३१ राज्यांचे भाग येतात. वरच्या अंगाला, समुद्रापासून हजारो किलोमीटरवर मका पिकवणाऱ्या माणसाचं आखातातल्या कोळंबीशी कसलंच नातं नाही, त्याच्या आमदार-खासदाराचं तर त्याहून नाही. जगात सगळीकडे कारभाराची वाटणी अशीच आहे. शेती एका खात्याकडे, सांडपाणी दुसऱ्याकडे, मासेमारी तिसऱ्याकडे. तिसऱ्या खात्याने पहिल्याला काही बजावावं अशी त्याची ताकद नसते.

समुद्राचा कुणी धनी नाही म्हणून असं होतं, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. खोल समुद्राबाबत तो चालेल. किनारी समुद्राला मात्र धनी आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाची सत्ता चालते आणि २०० सागरी मैलांपर्यंत तिथल्या संपत्तीवर त्याचा हक्क असतो. जगातल्या मासळीचा बहुतेक वाटा याच पट्ट्यातून येतो. २०२३ मध्ये खोल समुद्रासाठी नवा करार झाला, त्याचं स्वागत आहे. पण ज्या पाण्यासाठी कुणाची परवानगी घ्यायला नको, त्या आपल्या दारच्या पाण्याचं काय?

२०२२ च्या जैवविविधता करारातलं ‘२०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षित’ हे कलम सगळ्यांना पाठ झालं आहे. त्याच करारातलं सातवं उद्दिष्ट सांगतं की पर्यावरणात वाया जाणारी नायट्रोजनसारखी जादा पोषकद्रव्यं २०३० पर्यंत निदान निम्म्याने कमी करायची. त्याबद्दल बोलताना मी फारसं कुणाला ऐकलेलं नाही. नकाशावर रेघ ओढून अभयारण्य जाहीर करता येतं आणि टक्केवारीही दाखवता येते. नायट्रोजन त्या रेघेपाशी थांबत नाही.

राखीव क्षेत्रं निरुपयोगी आहेत असं मुळीच म्हणायचं नाही. मेक्सिकोत काबो पुल्मो इथे १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, गावकऱ्यांनी स्वतः मासेमारी थांबवली आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. न्यूझीलंडमध्ये ली (Leigh) इथल्या १९७५ च्या राखीव क्षेत्रात मोठे मासे आणि शेवंड परतले, त्यांनी शेवाळ फस्त करणारे साळिंदरासारखे काटेरी समुद्री जीव खाऊन आटोक्यात आणले आणि उघडे पडलेले खडक पुन्हा समुद्रशेवाळाने भरले. जाळं थांबवलं तर समुद्र उभारी धरतो, याबद्दल शंका उरलेली नाही. पण जाळं थांबवून पाण्यात श्वास येत नाही. दोन्ही कामं करावी लागतील, आणि त्यातलं एकच आपण मनावर घेतलं आहे.

याच्या मुळाशी आपल्या आठवणीचा दोषही आहे. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरावर हौशी मच्छीमार दिवसभराची शिकार फळीवर टांगून तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात. हा रिवाज अनेक दशकांचा. एका संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातले हे फोटो गोळा करून मासे मोजले. १९५६ मधल्या फोटोंत माशाचं सरासरी वजन साधारण २० किलो होतं. जवळ उभ्या असलेल्या माणसांएवढे मोठे मासे त्यात दिसतात. २००७ मध्ये ते सव्वादोन किलोच्या आसपास आलं. फोटोतल्या माणसांच्या चेहऱ्यावरचं समाधान मात्र तेच आहे. त्यांना काही गमावल्याचं जाणवणार कसं? ते पहिल्यांदा समुद्रावर आले तेव्हा मासे एवढेच होते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये याला नाव दिलं: सरकती आधाररेषा. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र समजते, आणि तिथून पुढची घट तेवढी मोजते.

म्हणून मला आकडे हवे आहेत, आणि ते सक्तीचे हवे आहेत. ऐच्छिक उपायांचं काय होतं हे आखातात दिसलंच. २००१ मध्ये ठरलं की २०१५ पर्यंत मृत पट्टा ५,००० चौरस किलोमीटरवर आणायचा. ते जमलं नाही, तेव्हा मुदत २०३५ पर्यंत ढकलली. शेतीतल्या नायट्रोजनवर कुणालाच बंधन नव्हतं. याच्या शेजारी डेन्मार्क ठेवून पाहावं. १९८६ च्या शरदात कॅटेगॅट समुद्रात जाळ्यांत मेलेले शेवंड येऊ लागले आणि ते दृश्य तिथल्या टीव्हीवर गेलं. देश हादरला. १९८७ मध्ये संसदेने जलपर्यावरणाची योजना मंजूर केली: समुद्राकडे जाणारा नायट्रोजन निम्म्याने आणि फॉस्फरस ८० टक्क्यांनी कमी करायचा. शेतकऱ्याला खताचा हिशोब ठेवणं बंधनकारक झालं, जनावरांचं मलमूत्र साठवायला टाक्या आल्या, कोणत्या महिन्यांत शेतात काय टाकायचं नाही याचे नियम आले. वेळ लागला, भांडणं झाली, पण नायट्रोजन जवळपास निम्म्यावर आला.

तरी तेवढं पुरेसं ठरलं नाही, हेही सांगायला हवं. २०२४ मध्ये डेन्मार्कच्याच वायले फियोर्ड या अरुंद खाडीच्या काठी लोकांनी त्या फियोर्डचा प्रतीकात्मक अंत्यविधी केला. त्याच वर्षी तिथे लाखो हेक्टर शेतजमीन जंगल आणि पाणथळ यांना परत देण्याचा करार झाला, त्यात शेतकरी संघटनाही सहभागी होत्या. मला या गोष्टीतून निराशा येत नाही. आकडा समोर असला की पुरेसं झालं की नाही हे लपवता येत नाही, आणि मग पुढचं पाऊल उचलावंच लागतं.

काळ्या समुद्राने तर हा प्रयोग कुणी न ठरवता करून दाखवला. डॅन्यूबसारख्या नद्यांनी आणलेल्या खतामुळे त्याच्या वायव्य उथळ भागात १९७० आणि ८० च्या दशकांत प्रचंड मृत पट्टा पसरला. सोव्हिएत व्यवस्था कोसळली, खताची सरकारी सवलत बंद पडली, खतवापर एकदम घसरला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो पट्टा खूपच आकसला. ती सुधारणा शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांतून आली होती, तशी ती कुणालाच नको आहे. पण खत थांबलं तर तळाला श्वास परत येतो, हे तिने दाखवून दिलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात १९७२ मध्ये लाल शेवाळाची लाट आली आणि पिंजऱ्यांत पाळलेले सुमारे १ कोटी ४० लाख मासे मेले. १९७३ मध्ये खास कायदा झाला, कडक मर्यादा आल्या, पाणी सुधारलं. पुढे काही दशकांनी तिथले नोरी हे खाण्याचं समुद्री शेवाळ पिकवणारे तक्रार करू लागले की पाण्यात आता पोषणच उरलेलं नाही, नोरीचा रंग उडतो आहे. २०१५ मध्ये कायदा बदलून ‘स्वच्छ समुद्रा’सोबत ‘समृद्ध समुद्र’ हे ध्येय आलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक ठिकाणी पोषकद्रव्यं सोडायची वाटही मोकळी केली. काहीजण म्हणतात, बघा, मर्यादा घातल्याचं हे फळ. मला यातून उलटं दिसतं. ज्यांनी अनेक दशकं पाण्यातला नायट्रोजन मोजला त्यांनाच तो कमी पडतोय हे कळलं, आणि त्यांनाच तो जपून वाढवता आला. जिथे मोजमापच नाही तिथल्या लोकांनी सेतोचा दाखला देऊन हातावर हात ठेवून बसणं हे खोटं आहे.

दुसरा आक्षेप उष्णतेचा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, वरचा आणि खालचा थर आणखी घट्ट वेगळे होतात, आणि जिवांची ऑक्सिजनची गरज नेमकी तेव्हाच वाढते. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत महासागरांतला ऑक्सिजन साधारण २ टक्के घटला. एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी मोठी प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे उष्ण पाण्यात प्रवाळ पांढरे पडण्याची, लाट जाहीर झाली. मग हवामानापुढे आमच्या नदीतला नायट्रोजन कमी करून काय होणार, असं विचारलं जातं. आजारी माणसाला ताप आहे म्हणून त्याच्या नाकावरची उशी काढायची नाही का? हवामान एका देशाच्या हातात नाही. नदी आहे.

समुद्राने ही सफाई एकेकाळी स्वतःच चालवली होती, हे कळलं की गमावल्याचा अंदाज येतो. दोन काचेच्या टाक्यांत सारखंच गढूळ पाणी भरायचं आणि एकीत डझनभर जिवंत कालवं ठेवायची. सुरुवातीला काही घडत नाही. मग शिंपा किंचित उघडतात, केसाएवढी फट. दोनेक तासांत त्या टाकीच्या पलीकडचा माणूस स्पष्ट दिसू लागतो. शेजारची टाकी होती तशीच. कालव पाणी आत ओढतं, खाण्याजोगं खातं, आणि उरलेल्या गाळाची चिकट गोळी करून खाली टाकतं. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातली एकोणिसाव्या शतकातली कालवं सगळ्या उपसागराचं पाणी आठवड्याभरात गाळून काढत असावीत, असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला. १९८० च्या दशकात उरलेल्या कालवांना त्याच कामाला जवळजवळ वर्ष लागलं असतं. जगातली ८५ टक्के कालव-खडकं अशीच खरवडून संपली आहेत. तळ खरवडणारी ट्रॉल जाळी किनाऱ्याजवळच्या पाण्यात फिरू देणं म्हणजे हे यंत्र दर वर्षी नव्याने मोडणं आहे, आणि ते बंद व्हायला हवं.

माझं मागणं अवघड नाही. हवामानाच्या बातमीत तापमान सांगतात, तसा प्रत्येक मोठ्या नदीच्या मुखासमोरचा तळाच्या ऑक्सिजनचा आकडा रोज लोकांना कळावा. प्रत्येक नदीने समुद्रात किती नायट्रोजन न्यायचा याची कायदेशीर कमाल ठरावी आणि ती वरच्या गावापासून खालच्या शहरापर्यंत वाटून द्यावी. सांडपाण्यातून नायट्रोजन काढण्याचा टप्पा वगळता येणार नाही, असा नियम व्हावा. ओढ्याकाठची पट्टी पिकाखालून सोडणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा पूर्ण मोबदला सगळ्यांच्या करातून मिळावा, कारण त्याने पिकवलेलं सगळेच खातात. फ्लोरिडातल्या टँपा बेमध्ये १९७२ च्या कायद्याने सांडपाण्याची प्रक्रिया कडक झाली, आणि लोकसंख्या वाढत असतानाही २०१५ च्या सुमारास तिथलं समुद्री गवत १९५० च्या दशकातल्या पातळीवर परतलं. २०१६ नंतर ते पुन्हा घटू लागलं, तेव्हा मोजणी चालू होती म्हणून ते लगेच लक्षात आलं.

व्हर्जिनिया राज्याच्या अटलांटिक बाजूला उथळ उपसागरांची एक ओळ आहे. १९३० च्या दशकात रोग आणि १९३३ चं चक्रीवादळ यांनी तिथलं समुद्री गवत पार संपवलं, आणि त्या गवतावर वाढणारे स्कॅलॉप शिंपलेही गेले. १९९९ नंतर शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक तिथे गवताचं बी हाताने पेरू लागले, बोटीतून, मुठीमुठीने. वीस वर्षांत ७ कोटींहून जास्त बिया पडल्या. आज तिथे सुमारे ३,६०० हेक्टर कुरण पाण्याखाली डोलतं आहे, आणि त्यात स्कॅलॉप पुन्हा सोडले आहेत. याच लोकांनी पलीकडच्या चेसापीक उपसागरातही बी पेरलं होतं. तिथे ते फारसं टिकलं नाही. तिथल्या पाण्यात नद्यांचा नायट्रोजन आणि गाळ होता, ऊन तळापर्यंत पोचत नव्हतं.